डेटॉलच्या बरणीतली आगगाडी

नेसरीत रेल्वे नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या चार तालुक्यांत मिळून रुळाचा एक तुकडा नाही. गाडी पकडायची तर वर कोल्हापूर, नाहीतर खाली बेळगाव. तिथवर एसटी किंवा वडाप. गावाचं नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते प्रतापराव गुजरांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा स्वारांनिशी ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती खिंड इथली. स्मारक बघायला शाळांच्या सहली येतात. रेल्वेचा नाद घेऊन नेसरीला कोणी येत नाही.

तरी हा नाद रुळाशेजारी राहणाऱ्यांनाच लागतो असं काही नाही. ज्याच्या दारावरून दिवसाला चाळीस गाड्या जातात तो गाडीकडे बघतच नाही. आमच्या भागातल्या घरटी एखाद्या माणसाने मुंबईच्या गिरणीत, गोदीत, नाहीतर रेल्वेत नोकरी काढलेली. सुट्टीवर आलेला असा काका-मामा गाड्यांची नावं घ्यायचा तेव्हा ती नावं आमच्या कानावर देवळांच्या नावांसारखी पडायची. त्यातून काहींना हा रोग जडला. मला जडला तो छोट्या गाड्यांचा: टेबलावर मावणाऱ्या, प्लास्टिकच्या, चाकं-बफर-खिडक्यांसकट हुबेहूब. आणि त्यातही एका अडगळीच्या उपशाखेचा, म्हणजे जुन्या डब्यांवरचा जुना रंग काढण्याचा. गाडी पळवण्यापेक्षा मला यात जास्त रस आहे हे घरात कोणालाच पटत नाही.

माझे डबे पुण्याच्या जुन्या बाजारातले. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. तिथे कुलपं, भिंगं, पितळी तोट्या आणि बिघडलेली घड्याळं यांच्या ढिगात अधूनमधून असं काही सापडतं. वीतभर लांबीचे तीन डबे. तळाशी ‘लिमा’ आणि ‘इटली’ ही अक्षरं उमटवलेली. लिमा ही इटलीतल्या विचेंझा शहरातली कंपनी, १९४६ साली सुरू झालेली. स्वस्त गाड्या काढायची, म्हणून जगभर खपली. २००४ मध्ये तिचं नाव आणि साचे इंग्लंडच्या हॉर्नबीने घेतले. पण या डब्यांचा इटलीशी संबंध तळापुरताच उरला होता. वरून कुणीतरी ब्रशने तांबडा ऑइलपेंट फासलेला, ओघळांसकट. आपल्याकडे भारतीय डबा बाजारात मिळतच नसे त्या काळात हौशी माणसं परदेशी डबा आणायची आणि त्याला आपल्या पॅसेंजरचा रंग द्यायची. हे तसलंच काम. हेतू चांगला, हात जड.

मग त्यावरूनच आणखी एक हात का मारायचा नाही? गावात दरवाजा रंगवणारा हेच विचारतो, आणि दरवाज्याच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. छोट्या गाडीचं गणित वेगळं. या गाड्या बहुतेक एचओ प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. भारतीय रेल्वेचा जुना आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद; तो या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर लांब आणि पावणेचार सेंटिमीटर रुंद होतो. आता रंगाचा थरही त्याच हिशोबाने बघा. ब्रशच्या दोन-तीन हातांनी मिलिमीटरचा दहावा भाग जाडी चढली, तर खऱ्या डब्यावर ती जवळजवळ नऊ मिलिमीटर झाली. पत्र्यावर नऊ मिलिमीटरचा गिलावा! रिव्हेट बुजतात, पावसाच्या पन्हळी बुजतात, दाराच्या फटी बुजतात. साचा बनवणाऱ्याने पोलादात कोरलेलं सगळं काम रंगाखाली गाडलं जातं. म्हणून आधी खाली प्लास्टिकपर्यंत जायचं आणि तिथून वर यायचं.

महाराष्ट्रात या छंदाचं देऊळ म्हणावं अशी जागा एकच: पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यापासून जवळ, जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. भाऊसाहेब जोशींनी आधी प्रदर्शनांतून आपलं छोटं शहर मांडलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी त्याला कायमची जागा दिली. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, तरणतलाव, आणि त्यातून वळसे घेत एकाच वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या. दिवे मालवून रात्रीचा खेळही दाखवतात. तिथून बाहेर पडणारी पोरं आईबापांकडे गाडी मागतात आणि आईबाप किंमत विचारून गप्प होतात. जुन्या बाजारातला डबा आणि रंग काढायचं कसब हा त्या गप्प बसण्यावरचा उपाय आहे.

तसं बघितलं तर आपल्याकडे घरोघर छोट्या प्रतिकृती करायची परंपरा आहेच. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? माती, पोती, दगड, वर पेरलेलं अळीव, आणि दरवाज्यावर भालदार. प्रमाणाचा मात्र तिथे आनंदीआनंद. बुरुजापेक्षा मावळा उंच आणि वाघ हत्तीएवढा. कोल्हापूरकडच्या किल्ल्यांखालून बोगदा काढून त्यात खेळण्यातली आगगाडी सोडणारी पोरं मी पाहिलेली आहेत. शिवकाळात रेल्वे कुठली, असं कोणी विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर असतं: “खाली आताचा रस्ता हाय.”

आता रंग काढण्याकडे. पहिला प्रश्न रंगाचा नसतो, प्लास्टिकचा असतो. रंग जायला पाहिजे आणि डबा राहायला पाहिजे. यातला दुसरा भाग अवघड. हे डबे बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात. नाव परकं वाटलं तरी वस्तू घरातली आहे: थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्याआधी गणपतीची मखरं ज्यांनी केली आहेत त्यांना आठवत असेल, त्यावर चुकीचा स्प्रे मारला की मखराला भोकं पडायची. पेट्रोल किंवा थिनरचा थेंब पडला की थर्माकोल बघता बघता आत खचायचा. डबा त्याच प्लास्टिकचा, फक्त भरीव. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात रंग काढायला म्हणून पहिल्यांदा जे हातात ठेवतात ते थिनर इथे चालत नाही. त्यात टोल्युइनसारखे द्रव असतात, ते रंगाच्या आधी डबाच विरघळवतात. ॲसिटोन, म्हणजे नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतलं पाणी, तेही नको. लोखंडी गेटवरचा रंग फुगवून काढणारं पेंट रिमूव्हर तर नकोच नको. या सगळ्यांत डबा पाहता पाहता चिकट होतो, कडा गोल होतात, आणि खिडक्या मेणाच्या असल्यासारख्या लोंबतात. पुढे काही करता येत नाही.

उरतात तीन-चार गोष्टी, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या एकीसाठीही रंगाच्या दुकानात जावं लागत नाही.

पहिली औषधाच्या दुकानातली. आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोरोनाच्या काळात सॅनिटायझर म्हणून आपण हातावर जे चोळत होतो त्याच्या दोन प्रमाण पाककृती जागतिक आरोग्य संघटनेने दिल्या होत्या: एकात ८० टक्के इथेनॉल, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल. ॲक्रिलिक रंग आणि कारखान्यात ठशाने छापलेले आकडे यावर हे उत्तम चालतं, पॉलिस्टायरीनला सहसा धक्का लावत नाही. सहसा म्हणायचं कारण असं की प्लास्टिकवर आधीच ताण असेल, डबा वाकवून किंवा दाबून बरणीत कोंबला असेल, तर अल्कोहोलमध्ये त्याला बारीक तडे जातात. डबा मोकळा बसेल एवढं भांडं घ्यायचं आणि काचा आधी काढून ठेवायच्या. पारदर्शक प्लास्टिक सगळ्यात नाजूक. पण जुन्या, वाळून दगड झालेल्या ऑइलपेंटवर मात्र अल्कोहोल नुसतं पाहत बसतं.

दुसरी गोष्ट गॅरेजमधली: ब्रेक ऑइल. ते गाडीच्या टाकीवर सांडलं की काय होतं हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. आमच्या इथल्या एकाला मी विचारलं, तर त्याने हातातलं काम सोडलं नाही. “टाकीवर थेंब पडला की रंग गेलाच म्हणून समजा, सर. पाणी मारलं लगेच तर वाचंल. न्हाईतर पापड.” मग मान वर करून, “तुम्हांस्नी मुद्दाम घालवायचाय? मग लई भारी.” रंगाचं खरंच पापडासारखं होतं, सुरकुत्या पडतात आणि तो सुटून येतो. नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये, डॉट ३ आणि डॉट ४ म्हणतात त्यात, ग्लायकॉल ईथर असतात. ते रंगाच्या थरात शिरून त्याला फुगवतात आणि पाण्यात मिसळत असल्याने नंतर धुवून जातात. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते काही उपयोगाचं नाही. पण जुन्या प्लास्टिकला ब्रेक ऑइल ठिसूळ करतं, पोटात गेलं तर विष आहे, कातडीतूनही शिरतं. घरात लहान मूल असेल तर बाटली आणूच नये. मी आणत नाही.

तिसरी गोष्ट डेटॉल.

इंग्लंडमधले छोट्या गाड्यांचे हौशी हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि मला पहिल्यांदा ती थट्टा वाटली होती. मग बाटलीमागचं लेबल वाचलं. आपल्याकडच्या डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के, आणि अल्कोहोल १३.१ टक्के. टर्पिनिऑल म्हणजे पाइनच्या तेलातला घटक. डेटॉलला जो दवाखान्याचा वास आहे त्यात मोठा वाटा त्याचा. टर्पेंटाइनच्याच घराण्यातला, पण स्वभावाने मवाळ. वर अल्कोहोल आहे, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला साबण आहे. जंतुनाशक म्हणून केलेलं मिश्रण बघता बघता रंग सोडवायचं मिश्रण निघतं: रंगाला हळूहळू फुगवेल आणि पॉलिस्टायरीनला सोडून देईल असं.

पद्धत सोपी आहे, पण एक खोच आहे. डबा सुटा करायचा: चाकं काढायची, खालचा सांगाडा काढायचा, काचा काढायच्या, लोखंडी वजनाची पट्टी काढायची. लोणच्याच्या काचेच्या बरणीत आडवा मावत नसेल तर झाकणाचा लांबट प्लास्टिकचा डबा चालतो. तो मात्र दुधाळ, मऊ प्लास्टिकचा हवा. लग्नातले कडक पारदर्शक पेले नकोत, ते पुष्कळदा पॉलिस्टायरीनचेच असतात. डेटॉल पाणी न घालता ओतायचं. रात्रभर ठेवायचं. सकाळी रबरी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचं. रंग चिखलासारखा सुटतो. इथेच खोच: या क्षणी तो नळाखाली धरायचा नाही. डेटॉल पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं हे लहानपणापासून आपण पाहिलेलं आहे. सुटलेल्या रंगासकट ते पाण्याला भेटलं की त्याचा डिंक होतो, आणि तो डिंक रिव्हेटांच्या मध्ये, पन्हळींच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. मग तो काढण्यात दुपार जाते. म्हणून घासताना, खंगाळताना ताजं डेटॉलच घ्यायचं. रंगाचा शेवटचा कण गेला की मग भांडी घासायचा साबण आणि पाणी. कोपऱ्यांसाठी बांबूची काडी तासून घ्यावी, सुई नको. सुई प्लास्टिकवर रेघ मारते, आणि ती रेघ पुढच्या रंगात दिसते.

वासाचं काय? घरात आठवडाभर कुणाची तरी जखम चालू आहे असं वाटतं. शेजारच्या काकू एकदा डबा घेऊन आल्या, भात-आमटी. कुणाचं ऑपरेशन झालं, असं विचारायचं त्यांनी सौजन्याने टाळलं होतं.

चौथा उपाय कॉस्टिक सोडा. त्याचं काम सगळ्यात देखणं आहे. जुना ऑइलपेंट म्हणजे तेलापासून केलेली राळ. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो, हे घरी साबण करणाऱ्या कुणालाही माहीत. म्हणजे कॉस्टिक रंग विरघळवत नाही, त्याचा साबण करून टाकतं. पॉलिस्टायरीनमध्ये तेलाचा तसा धागा नाही, म्हणून त्याला ते हात लावत नाही. जाड ऑइलपेंटवर याच्यासारखं काही नाही. पण ते डोळ्यात उडालं तर डोळा जातो, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात केलं तर भांडं खाऊन वर पेटणारा हायड्रोजन सोडतं. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. एवढी दटावणी पुरे.

खऱ्या रेल्वेतही कॉस्टिकचीच चलती आहे. वर्कशॉपमध्ये ठरावीक काळाने डबा पूर्ण तपासणीला येतो. तो उचलून खालची बोगी वेगळी करतात, आणि तिचा वंगणाचा, रंगाचा, लोखंडी धुळीचा थर कॉस्टिकच्या गरम टाकीत उतरवतात. मुंबईतलं माटुंगा वर्कशॉप १९१५ पासून डब्यांचं हेच काम करत आलं आहे. तिथे निम्मी नोकरी काढून आमच्याकडे शेती बघत बसलेल्या एका काकांना मी माझे डबे दाखवले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “संडासाच्या खालचा पत्रा बघतोस काय आधी? तिथंच गंजतोय बघ डबा.” प्लास्टिकच्या डब्याला गंज नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. सवय जात नाही. जुन्या आयसीएफ डब्यांचा सांगाडा साध्या पोलादाचा, आणि संडासाजवळ पाणी झिरपून तो सडायचा. त्यामुळे रंग काढणं हे सौंदर्याचं काम नव्हतंच, रोग शोधायचं काम होतं. रंग खरवडल्यावर खाली काय निघतं त्यावर डबा किती दिवस वर्कशॉपात राहणार ते ठरायचं. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून शेवटचा आयसीएफ डबा बाहेर पडला. आताचे एलएचबी डबे स्टेनलेस स्टीलचे.

याच माटुंग्यात एक फार नावाजलेली गाडी तयार झाली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचे खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले होते, पण वरचे डबे बांधले ते जीआयपी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या. एक चंदेरी, तांबड्या कडांची. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. म्हणजे राणीचा एक ठरलेला रंग पहिल्या दिवसापासून नव्हताच. १९६६ मध्ये चेन्नईच्या त्याच कारखान्याचे, म्हणजे पेरांबूरचे, नवे डबे आले, रंग पुन्हा बदलला. पुढे निळा-पांढरा आणि मध्ये तांबडा पट्टा असं तिचं रूप कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. २०२२ मध्ये एलएचबी डबे आले आणि तेही गेलं. प्रत्येक वेळी जुन्या प्रवाशांनी कुरकुर केली. ज्याला जो रंग पहिल्यांदा दिसला तो त्याचा खरा.

बाकीच्या गाड्यांचंही तेच. आमच्या पिढीला रेल्वे म्हणजे विटकरी तांबडी. आताच्या पोरांना तांबड्या पॅसेंजरचं चित्र दाखवलं तर ती मालगाडी म्हणतात. नव्वदच्या दशकात हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक सगळीकडे येऊ लागले तेव्हा तसे डबे ओळखू यावेत म्हणून ते निळे रंगवले, आणि काही वर्षांत देश निळा झाला. ही माझ्या मते रेल्वेच्या रंगांतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे: कुणाला निळा आवडला म्हणून नाही, ब्रेक बदलला म्हणून रंग बदलला. व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्यांना हवेच्या ब्रेकचा डबा जोडला जाऊ नये, एवढंच.

छोट्या डब्याला कुठलाही रंग दिला तरी एक खोट राहतेच, ती सांगून टाकतो. या गाड्यांचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतो, युरोपच्या रुळाच्या हिशोबाने. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर; ८७ ने भागली तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे टेबलावरची भारतीय गाडी कायम अरुंद पायांवर उभी. खरं सांगायचं तर आमच्या भागाच्या जुन्या रेल्वेसाठी प्रमाण जास्त नीट जुळतं. शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये कोल्हापूर–मिरज मार्गाची कोनशिला बसली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, ती मीटरगेज. ८७ ने भागलं की साडेअकरा, आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तिला नऊचा रूळ चपखल बसतो. १९७१ मध्ये कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज झाली, बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूरकडची बार्शी लाइन तोवर चालूच होती; त्यामुळे मिरजेला काही वर्षं तिन्ही रुंदीचे रूळ एका स्टेशनात होते. कुणी टेबलावर जुनं मिरज जंक्शन उभं केलं तर मी नेसरीहून पायी बघायला जाईन.

रंग काढावा की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात खरी चर्चा झाली ती मात्र गाड्यांवरून झाली नाही, देवांवरून झाली. २०२२ मध्ये सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदराचा लेप उतरवला आणि खालून वेगळाच चेहरा, वेगळाच नाकडोळा बाहेर आला. भाविकांतले काही हरखले, काहींना आपली देवी ओळखू येईना. दोन्ही बरोबर. आमच्या कोल्हापुरात २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं, त्यानंतरही वाद झालेच: काय झाकलं गेलं, काय राहिलं. मूर्तीची आणि खेळण्याची बरोबरी करायची नाही. पण संवर्धन करणाऱ्यांचे दोन नियम मी तिथून उचलले आणि डब्यांना लावले. एक, जे करायचं ते आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर करून बघायचं. दुसरा अवघड: वरचा थर काढताना खालचाही इतिहासच असू शकतो, आणि वरचाही.

शेंदराचं आणखी एक. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, आणि लोखंडी पुलांना, सांगाड्यांना गंज लागू नये म्हणून जो तांबडा अस्तर-रंग देत तोही तेच संयुग. देवावरचा आणि पुलावरचा तांबडा एकाच घरचा. जुन्या रंगांत शिसं मुबलक असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमच्या वर शिसं नको हा नियम २०१६ चा, अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे जुन्या बाजारातली रंगवलेली वस्तू कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये. धूळ नाकात जाते आणि पोरांच्या हाताला लागते. ओलं काम बरं. आणि वापरलेलं डेटॉल, रंगाच्या चिखलासकट, गटारात ओतायचं नाही. मी ते लाकडाच्या भुश्यात मुरवून, वाळवून, पिशवीत बांधून ठेवतो. पिशवीचं पुढे काय करायचं हे ग्रामपंचायतीलाही सांगता आलेलं नाही.

तीन डब्यांपैकी दोन निर्धोक निघाले. तांबडा सुटला, खाली इटलीचा पाटीसारखा करडा, तोही सुटला, आणि खाली प्लास्टिक. एवढंच की तांबड्या रंगाने प्लास्टिकला हलकी गुलाबी झाक देऊन ठेवली आहे. तांबडा रंग असा डाग सोडतो. पुढच्या अस्तराखाली तो झाकला जाईल.

तिसऱ्यावर न दिसणाऱ्या जागी, टोकाच्या दाराशेजारी, कापसाच्या काडीने डेटॉल लावून पाहिलं तर तांबड्याखाली करडा येईचना. निळा आला. त्याच्या वर पांढुरका, मध्ये तांबड्याची केसाएवढी रेघ. ही रेघ कारखान्याची नव्हती. ती एका ठिकाणी थरथरलेली होती. म्हणजे कुणा अनोळखी माणसाने आधी दख्खनची राणी रंगवली होती, जड ब्रशने फासून नव्हे, हाताने रेघ ओढून. मग कधीतरी त्याने, किंवा त्याच्या पोराने, किंवा पुढच्या मालकाने त्यावर पॅसेंजरचा तांबडा फासला. कारण काय ते कळायला वाट नाही. तीन डब्यांची गाडी एका रंगाची दिसावी एवढंच असेल.

बरणीत बुडवलं असतं तर सकाळपर्यंत दोन्ही थर गेले असते. म्हणून बुडवला नाही. कापसाची काडी, थेंबभर डेटॉल, दोन खिडक्यांएवढी जागा, वरचा थर मऊ झाला की बांबूच्या काडीने उचलायचा आणि लगेच कोरड्या कापसाने टिपायचं. निळा जाऊ लागला की थांबायचं. काही ठिकाणी तो गेलाच. पण एका बाजूची राणी बऱ्यापैकी बाहेर आली, रेघेच्या थरथरीसकट. तिच्यावर आता मी रंग लावणार नाही, पातळ वॉर्निशचा एक हात फक्त.

दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही असं ठरलंय. तिथला तांबडा ओघळांसह राहू दे. यंदा हा डबा पोराच्या किल्ल्याच्या बोगद्यातून जाणार आहे, त्याने आधीच जागा मोजून ठेवली आहे. अंगणाकडून बघणाऱ्यांना तो मिरज पॅसेंजर दिसेल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्यांना दख्खनची राणी.